उत्कृष्ट प्रत

बायको गेली त्याला आठ महिने झाले होते. पण ती खरोखर गेली हे काटेकाकांना कळलं एका मंगळवारी, सकाळी सव्वासातला, जेव्हा जुन्या म्युझिक प्लेअरने मान टाकली.

त्या प्लेअरच्या कार्डावर सव्वाचार मिनिटांचं एक रेकॉर्डिंग होतं. धूळ पुसताना तिच्याच हातून बटण दाबलं गेलं होतं. रेडिओवर एक जुनं गाणं लागलं होतं आणि स्वयंपाकघराच्या दारातून ती त्यात आपला सूर मिसळत होती. दुसरं कडवं तिला येत नसे. तिथे ती शब्दांऐवजी भांडी वाजवायची. शेवटी म्हणायची, "अहो, दूध बघा. ऐकताय का? नाही ऐकत हा माणूस." काका रोज सकाळी ते लावायचे आणि उठून दूध बघायचे.

कार्ड शाबूत होतं. लेक म्हणाली, "बाबा, कार्ड मोबाइलमध्ये घालून लावून देते." लावून दिलं.

"ही आई नाही," काका म्हणाले. "हा डास आहे."

जुन्या सेटवर तिचा आवाज डाव्या स्पीकरमधून, म्हणजे थेट स्वयंपाकघराच्या बाजूने यायचा. मोबाइलमध्ये ती कुठेच उभी नव्हती. तेव्हा घरच्या मोठ्या स्पीकरांना शोभेल असा चांगला प्लेअर घ्यायचं ठरलं.

काकांनी चाळीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले होते. नावही त्यावरूनच पडलं होतं. मापात पाप त्यांना खपत नसे, आणि आकडा दिसला की त्यांचा विश्वास बसे. "दशांशात गुंडाळून धोंडा दिला तरी घ्याल तुम्ही," बायको म्हणायची. ती होती तोवर आकडे उंबऱ्याबाहेरच थांबत.

दुकान स्वतःला दुकान म्हणवत नव्हतं. ते श्रवण केंद्र होतं. विकणारा श्रवण सल्लागार होता आणि आत येणारा गिऱ्हाईक नव्हे, उमेदवार श्रोता.

"आपण काय ऐकता?" सल्लागाराने अर्ज पुढे ओढत विचारलं.

"एकच. सव्वाचार मिनिटांचं."

सल्लागाराने 'अभिरुची: अत्यंत निवडक' या चौकोनात खूण केली.

मग काचेच्या खोलीत बसवून काकांच्या कानांची परीक्षा झाली. निकाल गंभीर होता. वरच्या पट्टीतलं बरंचसं त्यांना ऐकूच येत नव्हतं.

"मग साधाच द्या की एखादा," काका म्हणाले.

"उलट आहे काका. जे ऐकू येतं त्यातली चूक तुम्ही स्वतः पकडाल. जे ऐकू येत नाही त्याची जबाबदारी कुणी घ्यायची?"

काकांनी विचार केला. काट्याच्या धंद्यातही घोळ व्हायचा तो गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या ग्रॅमातच. त्यांना मुद्दा पटला. त्यावर सल्लागाराने प्लेअरच्या मोजमापांतली दशांशानंतरची पाच स्थळं दाखवली आणि काका विरघळले.

पण प्लेअर असा लगेच कुणालाही मिळत नसे. आधी खोली पात्र ठरावी लागे. सल्लागार घरी आला. त्याने कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवल्या, त्या मोजल्या आणि अहवाल दिला. बायकोचं शिलाई मशीन थरथरत होतं. तिचं कपाट घुमत होतं. खुंटीवरचा तिचा स्वेटर प्रमाणाबाहेर आवाज पीत होता. स्वयंपाकघराचं दार तर सरळसरळ गळती होती; ते बंद करून वर जाड गादी ठोकावी. काकांनी अहवालाचं अक्षरशः पालन केलं.

रविवारी लेक आली आणि दारातच थबकली. "बाबा, आईचं मशीन कुठंय?"

"जिन्याखाली. एकशे वीस हर्ट्झला थरथरत होतं ते."

"आणि स्वेटर?"

"आवाज पीत होता, बाळा. अहवालात आहे."

"मग आता आईचं राहिलं काय इथे?"

"तिचा आवाज येईल ना. त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं."

लेकीने अहवाल हातात घेतला. शेवटची ओळ होती, 'श्रोत्याचा श्वास मर्यादेबाहेर. सुधारणेस वाव.' तिने कागद घडी करून ठेवला. "श्वास तेवढा घेत राहा," ती म्हणाली.

प्लेअर बसवायच्या दिवशी शेजारीपाजारी जमले. खुर्ची एकच होती आणि ती जमिनीवर आखलेल्या फुलीवर होती, त्यामुळे बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. सल्लागाराने पांढरे हातमोजे घालून कार्ड आत सरकवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'निकृष्ट प्रत आढळली. याच गाण्याची उत्कृष्ट प्रत उपलब्ध आहे. बदलण्यात येत आहे.' आणि कुणी हे वाचून संपवायच्या आत, 'बदलली.'

गाणं सुरू झालं. गायिकेने श्वास घेतला तोही वेगळा कळला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी डोळे मिटले. "वा," ते म्हणाले. मग सगळेच "वा" म्हणाले. काका डावीकडे मान वळवून बसले होते. दुसऱ्या कडव्याचे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. गाणं संपलं. नंतरची शांतताही निर्दोष होती.

"हिचं कुठंय?" काकांनी विचारलं.

"कुणाचं?"

"हिचं. डावीकडून यायचं ते."

सल्लागाराने नोंदी चाळल्या. "हां. डाव्या बाजूला एक अडथळा नोंदलाय बघा. सतत चालू होता, मधूनमधून बोलतही होता. काळजी करू नका, मुळापासून काढलाय. कार्डावरूनसुद्धा."

"अडथळा नाही तो. बायको आहे माझी."

"असतील ना, काका," सल्लागार मऊ आवाजात म्हणाला. "पण मूळ गाण्यात त्या नव्हत्या."

आवाज खरोखरच स्वच्छ होता. हे वाचणारे तुम्ही-आम्ही त्या भिंतीला टेकून उभे असतो तर आपणही "वा"च म्हटलं असतं, आणि जिना उतरताना सल्लागाराला बाजूला घेऊन प्लेअरचं मॉडेल विचारलं असतं. मास्तरांनी विचारलंच.

काढलेली प्रत कंपनी पंधरा दिवस राखून ठेवते आणि अर्ज केल्यास परत देते. चांगली सोडून वाईट मागणारं आजवर कुणी आलं नव्हतं, म्हणून अर्जाचा नमुना काकांसाठी नव्याने तयार करावा लागला. त्यात नऊ रकाने आहेत. उत्कृष्ट प्रत का नको, हे काकांनी लिहिलं. कानांच्या परीक्षेचा क्रमांक लिहिला. खोलीचं क्षेत्रफळ लिहिलं. सातव्या रकान्यात लिहायचं आहे, 'परत हव्या असलेल्या अडथळ्याचे नेमके स्वरूप, कमाल वीस शब्दांत.'

"बाबा, काहीही लिहा आणि द्या पाठवून," लेक रोज फोनवर सांगते. "नाहीतर मी लिहिते."

"तू नको. नेमकं हवंय त्यांना," काका म्हणतात. "तोलून लिहितो."

आज चौदावा दिवस आहे. आठ रकाने भरून झालेत. सातवा भरायचा राहिला आहे.