दगूनानांचा पुरावा

आमच्या सायखेड्यात दगूनानांना नुसतं "राम राम" घालून कुणाला सुटता येत नसे. "नाना, आज पाऊस येणार" म्हणा, लगेच, "पुरावा काय?" सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन गेलो, तरी हा माणूस विचारणार, "पूजा झाली, त्याचा पुरावा?" असा शेजारी लाभायलाही नशीब लागतं!

त्यामुळे वीजबिलावर मीटरचा फोटो छापून यायला लागला, तेव्हा नाना गल्लीभर बिल नाचवत हिंडले. "आता कसं! आकड्याला पुरावा हाय!"

त्यांच्या मीटरवर घोसाळ्याचा वेल चढलेला. फोटोवाला आला की नानी वेल बाजूला धरायच्या, हात तेवढा पुढे आणि तोंड भिंतीकडे. कॅमेऱ्याची भारी लाज त्यांना. पोरीच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नानींचा नुसता पदर आलाय.

मग वरच्या साहेबलोकांनी फोटोतले आकडे वाचायला कॉम्प्युटर बसवला. त्या दीडशहाण्यानं नानींच्या हातातल्या दोन बांगड्याही शून्यं म्हणून वाचल्या, आणि दोन बल्बांच्या घराला साखर कारखान्याचं बिल आलं!

नाना पेटले. मी त्यांना स्कूटरवर घालून नाशिकच्या ऑफिसात नेलं.

"कॉम्प्युटर चुकत नाही, आजोबा," साहेब म्हणाले.

"पुरावा काय?"

झालं! या टेबलावरून त्या टेबलावर, आज या, उद्या या. हेलपाट्यांनी माझ्या स्कूटरचे टायर झिजले, नाना काही झिजले नाहीत.

त्यातच नानी गेल्या. साधा ताप म्हणून अंगावर काढला बाईनं. तेरावं झालं आणि नाना आपणहून येऊन स्कूटरवर बसले.

नेमके त्याच दिवशी साहेब हसून म्हणाले, "आजोबा, जिंकलात! चूक आमचीच. हे बिल द्या, फाडून टाकतो. नवीन घ्या."

नानांनी बिल पुढे केलं. साहेबांनी धरलं. पण नाना सोडीनात.

"अहो नाना, सोडा की!"

त्यांनी बिल मागे ओढलं, घडी केली, टोपीत ठेवलं. "राहू द्या, साहेब. आकडा बरोबर हाय. भरतो मी."

बाहेर आल्यावर माझं डोकंच फिरलं. "मग इतके दिवस काय माझी गंमत केलीत?"

नानांनी टोपीतून बिल काढून माझ्यापुढे धरलं. काळपट चौकोनात मीटर, घोसाळ्याचं एक पान, आणि दोन बांगड्यांचा हात.

"तिचा दुसरा फोटोच नाय रे," ते म्हणाले.