अनेस्टिसचे बारा देव

ऑलिंपसच्या पायथ्याशी, लितोखोरो गावात जन्मलेल्या माणसाला देव शिकावे लागत नाहीत, ते दुधाबरोबरच पोटात जातात, असं अनेस्टिसचं ठाम मत होतं. तीस वर्षं तो गावातून डोंगराच्या वाटेपर्यंत टॅक्सी चालवत होता. मागच्या सीटवरच्या पाहुण्यांना शिखराकडे बोट दाखवून "तिथं झ्यूस राहायचा" एवढं सांगितलं की त्याचं भागायचं. कुणी पुढचा प्रश्न विचारलाच तर तो रेडिओचा आवाज वाढवायचा.

पण मुलगी फानीचं लग्न ठरलं आणि होणारे व्याही निघाले थेस्सालोनिकीचे प्राध्यापक. विषय : प्राचीन देव आणि त्यांच्या कथा. रविवारी ते मुलाला घेऊन पहिल्यांदाच जेवायला येणार होते. फानीनं फोनवर सुचवलं की बाबांनी शक्यतो फुटबॉलवर बोलावं. अनेस्टिसला ते चांगलंच झोंबलं. आपल्याला सगळं येतं, हवं ते विचार, असं तो म्हणाला.

"अथीनाची आई कोण?"

"हेरा. दुसरी कोण असणार?"

"ती झ्यूसच्या डोक्यातून निघाली," फानी म्हणाली. "फुटबॉल, बाबा."

झालं. पाच दिवसांत बारा देव तोंडपाठ करून व्याह्यांना गार करतो, असं त्यानं बायकोला, एरास्मियाला जाहीर करून टाकलं. ती रविवारच्या सामानाची यादी करत होती. कोकराचा खांदा आणायचा की मांडी, एवढंच तिनं विचारलं.

पुस्तक आलं, वही आली. पण देवांची नाती काही डोक्यात बसेनात. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा नवरा, आणि भाऊच नवरा असेल तर सासर कुठलं? मंगळवारी दुपारी त्याला युक्ती सुचली. गावातली माणसं तर आपल्याला पाठ आहेत, मग वहीत एकेका देवापुढं एकेक माणूस लिहून टाकायचा! बेकरीवाला कोस्मास सदा गडगडत असतो, तो विजेचा देव झ्यूस. त्याची बायको स्तमातिया ही हेरा. गॅरेजवाला झीसिस लोखंड ठोकतो आणि पायानं लंगडतो, म्हणजे तो देवांचा लोहार हेफेस्टस. त्याची बायको रूला केशकर्तनालय चालवते आणि देखणी आहे, ती सौंदर्यदेवी अफ्रोदिती. फौजेतून निवृत्त झालेला लाझारोस हा युद्धाचा देव आरिस. गोष्टींतून देवांची नावंच गाळून टाकली आणि त्या धडाधड पाठ होऊ लागल्या.

बुधवारी चौकात टॅक्सी उभी करून, डोळे मिटून तो मोठ्यानं उजळणी करत होता. रूलाचं लाझारोसशी जमलं. झीसिसला पत्ता लागला. त्यानं पलंगावर जाळं टाकून दोघांना तसंच पकडलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. कोस्मासची बाहेरची पोरं किती, याचा हिशेबच नाही, आणि स्तमातिया त्या पोरांच्या जिवावर उठलेली.

डोळे उघडले तेव्हा त्याला आरशात क्लेओनिकी म्हातारी दिसली. दहा मिनिटांपूर्वी ती मागं बसली होती आणि गाडी निघायची वाट पाहत होती. दवाखान्यात जायचं होतं तिला. आता नको, बरं वाटतंय, असं म्हणून ती उतरली आणि तरुण पोरीच्या चालीनं बेकरीकडे गेली.

गुरुवारपासून गाव बदललं. कोस्मासकडे फळ्या भरलेल्या असताना अनेस्टिसपुरता पाव संपला होता. झीसिसनं टायर बघायलासुद्धा नकार दिला. रूलानं अनेस्टिसला रस्त्यात पाहून कात्री दोनदा नुसतीच हवेत वाजवली. प्रेमानं बोलला तो एकटा लाझारोस. बहात्तर वर्षांचा, सडाफटिंग. त्यानं अनेस्टिसच्या कॉफीचे पैसे दिले, खांद्यावर थोपटलं आणि मिशीला पीळ देत निघून गेला. आपल्याला शिकलेले व्याही मिळाले म्हणून लोक जळतायत, अशी अनेस्टिसची खात्री पटली.

रविवारी फानी आली, मुलाला घेऊन प्राध्यापक आले. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे, विधुर. पहिला प्याला ओठाला लागतो न लागतो तोच दार वाजलं. झीसिस, रूला, कोस्मास आणि स्तमातिया रांगेनं आत आले. कुणी ओरडलं नाही, त्यामुळं जास्तच भीती वाटली.

"अनेस्टिस," झीसिस म्हणाला, "माझ्या बायकोला तू जाळ्यात कधी पाहिलंस?"

स्तमातियाला नवऱ्याच्या पोरांची संख्या हवी होती, म्हणजे तेवढे पाव जास्त भाजता येतील. आपल्याला दोन जिने चढवत नाहीत, असं कोस्मास शपथेवर सांगत होता. फानीनं तोंड हातात लपवलं. ठरलेलं लग्न समोर बुडताना अनेस्टिसला दिसत होतं. शेवटी त्यानं कपाटातून वही काढून प्राध्यापकांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळे पुसत त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि कोण कोणता देव ते नीट समजावून सांगितलं. आपण झ्यूस आहोत हे कळताच कोस्मास ताठ झाला. रूलानं अफ्रोदिती पुन्हा एकदा म्हणून घेतलं. झीसिसला लंगडेपणाचा थोडा राग आला, पण सगळ्या देवांची हत्यारं आणि दागिने त्यानंच घडवले हे ऐकल्यावर त्यानं स्वतःच प्याला भरून घेतला. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हा घोळ इतका बिनचूक पाठ केला नव्हता, असं प्राध्यापक म्हणाले. अनेस्टिसची छाती फुगली. त्यानं फानीकडे विजयी नजर टाकली.

"पण इथं अकराच आहेत," वही चाळत प्राध्यापक म्हणाले. "एस्तियापुढं जागा कोरी आहे."

"तिची काही भानगडच नाही हो," अनेस्टिस रंगात येऊन म्हणाला. "चूल सांभाळते, बस्स. गावात तशी कुणी आठवेना."

एरास्मिया कोकराचं तबक घेऊन दारात उभी होती. पहाटेपासून ती भट्टीपुढं होती. प्राध्यापकांनी तिच्याकडे पाहिलं आणि जपून बोलले. मद्याचा देव डायोनिसस ऑलिंपसवर आला तेव्हा बारा आसनं कमी पडली, असं काहीजण सांगतात. भांडण नको म्हणून एस्तियानं आपलं आसन त्याला दिलं आणि ती चुलीपाशी जाऊन बसली.

एरास्मियानं तबक ठेवलं. टेबलाभोवती नजर फिरवली. आलेल्या मंडळींमुळं घरातली एकही खुर्ची रिकामी नव्हती. ती नवऱ्याजवळ गेली.

"ऊठ," ती म्हणाली.

अनेस्टिस उठला. ती त्याच्या खुर्चीत बसली, त्याचं ताट पुढं ओढलं, आणि भट्टीतले बटाटे कोण आणणार, असं तिनं शांतपणे विचारलं. सगळ्या टेबलानं अनेस्टिसकडे पाहिलं.