शिंक्यातली वाटी

दापोडीला रेल्वे फाटकाजवळ चिमाजींचं दह्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, एक फळी आणि तीन मडकी. दही सुभद्राबाई लावत. चिमाजी नाव लावत. (पाटीवर 'चिमाजी दहीवाले' एवढंच होतं.)

पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला त्या वर्षी काळेवाडीचे सोपानराव दारात आले.

"चिमाजीराव, कारखान्याच्या वाटेवर माझा गाळा हाय. नाव तुमचं, दूध माझं. विरजण तेवढं द्या. दर महिन्याला तुमचा वाटा घरपोच."

चिमाजींना तिथल्या तिथे पुण्यापासून तळेगावपर्यंत स्वतःच्या नावाच्या पाट्या दिसू लागल्या.

सुभद्राबाईंची नजर मात्र शिंक्यातल्या वाटीकडे गेली. ते विरजण त्यांनी लग्नात माहेराहून, चाकणहून, पितळी वाटीतून आणलं होतं. बावीस वर्षांत ते एकदाही तुटलं नव्हतं. आई गेल्यावर माहेरचं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि त्यात त्यांचा फार जीव होता.

"द्या," शेवटी त्या म्हणाल्या. "पन दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं न्हाई. बरकत जाती. तेवढं कागदावर घाला."

चिमाजींनी घातलं. वर आपल्या अकलेची भर म्हणून पुढे लिहिलं, 'मागणारा कोणीही असो', आणि खाली झोकदार सही ठोकली.

पिंपरीच्या दुकानाच्या मुहूर्ताच्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंनी सोपानरावांसाठी विरजणाचं गाडगं भरलं, घरासाठी पितळी वाटी शिंक्यात ठेवली आणि त्या दूध आणायला गेल्या. चिमाजी कोट-टोपी घालून, गाडगं काखेत मारून निघाले, ते उंबऱ्यातच अडले. एवढ्या शुभकार्याला निघायचं आणि हातावर दहीसाखर ठेवायला घरात कोणी नाही! विक्रीच्या मडक्यांना भवानीआधी हात लावायचा नाही, एवढं शास्त्र त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शिंक्यातली वाटी काढली, साखर घातली आणि बोटाने चाटूनपुसून स्वच्छ केली. एवढ्यावर न थांबता वाटी घासून पालथी घातली. (बावीस वर्षांत त्यांनी घासलेलं हे पहिलं भांडं.)

दुपारपर्यंत दही संपलं. शिंक्यात वाटी आहेच म्हणून सुभद्राबाईंनी तळाचं दहीसुद्धा विकून टाकलं. दिवस कलल्यावर चिमाजी गळ्यात हार घालून परतले, तेव्हा चुलीवरून उतरवलेलं दूध कोमट होत आलं होतं.

"शिंक्यातली वाटी कुठं हाय?"

"घासली!" चिमाजी अभिमानाने म्हणाले.

"आन त्यातलं दही?"

"शुभकार्याला निघालो होतो. दहीसाखर..."

सुभद्राबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चुलीपुढे मटकन बसल्या.

"आईच्या हातचं होतं वो ते," एवढंच म्हणाल्या.

चिमाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हार काढायचंही भान न ठेवता त्यांनी सायकल काढली आणि पिंपरी गाठली. सोपानराव दुकानातला कंदील नुकताच खुंटीला अडकवत होते.

"सोपानराव, विरजण द्या. वाटीभर! चमचाभर!"

"दिवे लागले, चिमाजीराव."

"अहो, विरजण माझं! पाटीवर नाव माझं!"

"कागदावर सहीबी तुमचीच हाय." सोपानरावांनी फडताळातून कागद काढून कंदिलाशी धरला. "वाचा. 'मागणारा कोणीही असो.' वहिनींना सांगा, विरजण सुखरूप हाय. सकाळी या."

चिमाजी रिकाम्या हाताने घरी आले आणि घडलं ते सांगितलं. सुभद्राबाईंनी डोळे पुसले.

"इमानी मानूस हाय. विरजण बऱ्या हाती पडलं म्हनायचं," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

सकाळी विरजण आलं, दही लागलं. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर रोजचं गिऱ्हाईक ज्योतीराम फळीशी टेकला.

"वहिनी, पिंपरीला ह्याच नावाचं दुकान बघितलं. तुमची शाखा का?"

"न्हाई," सुभद्राबाई दही वाढत म्हणाल्या. "थोरलं दुकान ते. शाखा ही."

चिमाजी मागे बसून वाट्या घासत होते.