तार पंचम

सकाळचे ऊन त्या वाडीत कधी घाईने येत नसे. आधी ते माडांच्या शेंड्यांना लागे, तिथे बराच वेळ रेंगाळे. मग एकेका झावळीवरून निथळत विहिरीच्या काठावर उतरे. तिथून घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात यायला त्याला अर्धा तास तरी लागे. त्या अर्ध्या तासात उजेड पिवळाही नसे, पांढराही नसे, नुसता असे. समर्थ नेमका तेवढाच वेळ, घरामागे, वाडीकडे पाठ करून बासरी वाजवी.

अभ्यास एकच होता. पंचम मंद्रात धरायचा, मध्यात न्यायचा, तिथून तारात. बोटे जवळपास तीच. सारा खेळ फुंकेचा. भजनी मंडळाचे नाना त्याला पुन्हा पुन्हा सांगत, "जोर नको रे, फुंक बारीक कर. आनी सोमवारी भजनाक येऊन बस."

"तार पंचम साफ लागलो की येतंय," समर्थ म्हणे. "तसा मी माझ्यापुरतोच वाजवतंय."

तार पंचम मात्र लागत नव्हता. समर्थ जीव खाऊन फुंकी आणि सूर मधोमध फाटे. एके दिवशी तो फाटला आणि कुंपणातून तीन मांजरे आली. त्यांच्यामागून टोप घेऊन जानकीकाकू.

"सुगंधा खंय रे?"

"ती येवक नाय अजून."

"मगे भोंगो कोणी वाजवलो?"

मासे विकणारी सुगंधा स्कूटरवरून येई आणि रबरी भोंगा वाजवी. समर्थने बासरी पाठीमागे लपवली. "तो माझो तार पंचम, काकू."

"तो आनी खंयचो मासो?" काकूने टोप पुढे केला. "ताजो असलो तर दोन दी."

तिसऱ्या दिवशी वाडी शहाणी झाली. खरा भोंगा वाजला, तेव्हा एकही बाई उठली नाही. "समर्थ आसतलो," म्हणून सगळ्या घरात बसल्या. सुगंधा टोपली घेऊन थेट खळ्यात उभी राहिली.

"समर्था, मेल्या, माझे पेडवे उन्हात सुकतत! तू फुंकतंस आनी माझा गिऱ्हाईक घरात बसता."

"मी बंद करतंय, काकी."

"बंद कित्याक? तुझो आवाज माझ्या भोंग्यापरास लांब जाता. उद्यापासून पुलार इलंय की फोन करतंय. तू वाजय. पण अधेमधे ता वरचा वाजवचा नाय, सांगान ठेवतंय!"

अशा रीतीने समर्थच्या वाट्याला दिवसाला एकच तार पंचम आला. उरलेला वेळ तो आवाज न करता ओठांचा अभ्यास करू लागला: बासरी ओठांशी, फुंक केसासारखी बारीक. साडेसातला फोन येई, तो धास्तीने जोरात फुंकी, सूर फाटे आणि घरोघरची फाटके वाजत. जानकीकाकू लांबूनच हात करी. आता तो घरामागे न थांबता फाटकाशी उभा राही, इस्त्रीचा शर्ट घालून. मासळीच्या कामाला नीटनेटके असलेले बरे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

नवव्या दिवशी फोन आला. समर्थने बासरी उचलली आणि का कोण जाणे, जोर लावलाच नाही. सूर मध्यातून वर गेला. कुठे न अडकता, पाण्यातून पक्षी उठावा तसा. तार पंचम. स्वच्छ, स्थिर, पुरते दहा आकडे मोजून होईपर्यंत.

तो थांबला. फाटके बंद होती. मांजरे पायरीवर झोपली होती. समोरच्या खिडकीतून कोणी डोकावलेसुद्धा नाही.

फोन पुन्हा वाजला. "अरे, वाजय मरे! हय पुलार काळा कुत्रा येवक नाय."

"वाजवलंय, काकी. ऐकूक येवक नाय?"

"ता तू वाजवलंस? माका वाटला, खंय तरी रेडिओ लागलो. ह्या नको, कालचा वाजय!"

समर्थने काही क्षण बासरीकडे पाहिले. मग छाती भरून फुंकले. सूर फाटला, फाटके करकरली, मांजरे धावली.

जानकीकाकू टोप घेऊन त्याच्यासमोरून गेली. "आज बरो वाजलो हां तुझो मासो!"

समर्थ हसला, पण कोणी न ऐकलेल्या त्या दहा आकड्यांचे त्याला वाईट वाटत होते. तो स्वतःपुरता वाजवत नव्हता. कोणीतरी ऐकावे, असे त्याला पहिल्यापासून वाटत होते.