जिन्याचे सत्त्याहत्तर टक्के

मुलीचा अभ्यास आपण घ्यायचा, असं मी त्या मंगळवारी ठरवलं. एवढंच. बाकीचं सगळं आपोआप घडलं, पण हे आमच्या घरात कोणी मान्य करत नाही.

गुरुवारी रेन्स्केची टक्केवारीची चाचणी होती. नापास होणाऱ्यांचा जादा वर्ग दर बुधवारी दुपारी घेणार, अशी चिठ्ठी तिच्या रूर्ड मास्तरांनी पाठवली होती. आता बुधवारी दुपारी शाळेला सुट्टी असते आणि आमची रेन्स्के बर्फावर असते. पोर अकरा वर्षांची आहे, पण स्केटिंगच्या संघात आहे, आणि बुधवार बुडाला की संघातली जागाही जाणार होती. जेवताना ती ताटातल्या बटाट्यांकडे बघत मुसमुसत होती. मला ते बघवेना.

"मी शिकवतो," मी म्हणालो.

"तू?" अलायडा म्हणाली. (बायको एका अक्षरात किती बोलू शकते, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.) "अरे, हल्ली शाळेत वेगळंच शिकवतात. पट्टी काढतात म्हणे."

"गणित बदलत नाही. एकोणीस वर्षं जलमंडळात कालव्यांच्या पाण्याची पातळी लिहितोय मी." (लिहितो. मोजतं यंत्र.)

अलायडा गाण्याच्या क्लासला गेली आणि आम्ही बसलो. गणित असं होतं: वर्गातली ऐंशी टक्के मुलं, म्हणजे चोवीस मुलं, सायकलने येतात, तर वर्गात एकूण मुलं किती?

"सोप्पं आहे. एकूण मुलं क्ष मानू."

"क्ष कोण?"

"जो आपल्याला माहीत नाही तो."

"मग माहीत नसलेल्याला मध्ये कशाला घ्यायचं, बाबा?"

मी क्षला रजा दिली आणि तोंडी हिशेब केला. ऐंशी टक्के झाले, वीस राहिले. चोवीसचे वीस टक्के चार पूर्णांक आठ. एकूण अठ्ठावीस पूर्णांक आठ मुलं.

"पूर्णांक आठ मूल कसं असतं?" रेन्स्केने विचारलं.

"अं... बारीक असतं."

तिने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा मुसमुसायला लागली. "मास्तर पट्टी काढतात. वर मुलं लिहायची, खाली टक्के. पण वहीत सगळं इतकुसं होतं, माझा नुसता गोंधळ होतो."

"मोठी पट्टी पाहिजे का तुला?" मी म्हणालो, आणि माझी नजर कोपऱ्यातल्या गुंडाळीवर गेली.

तो जिन्याचा गालिचा होता. आमचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी. अलायडा त्यावरून दोनदा बसल्या बसल्या खाली आली होती. म्हणून आठ महिने दुकानं पालथी घालून तिने हा निळा लोकरी गालिचा निवडला होता. बरोबर सहा मीटर, तेरा पायऱ्यांना पुरेल असा. बुधवारी सकाळी हार्म नावाचा कारागीर तो बसवायला येणार होता.

आम्ही तो बैठकीच्या खोलीत उलगडला. सहा मीटर म्हणजे शंभर टक्के, म्हणून दर साठ सेंटिमीटरवर मी पांढरी चिकटपट्टी आडवी चिकटवली. नऊ रेघा झाल्या, दहा घरं झाली. पडदे उघडेच होते, सगळ्यांचे असतात तसे. शेजारच्या वुबिना आजी कुत्र्याला घेऊन खिडकीसमोर थांबल्या आणि काचेवर टकटक करून म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या, मी नुसती बघतेय." तशा त्या कायमच नुसत्या बघतात.

रेन्स्के मोजे घालून एकेक घर चालत गेली. "इथे ऐंशी. म्हणजे आठ घरांत चोवीस. एका घरात तीन. आणि पुढे दोन घरं..." ती शेवटच्या टोकावर उभी राहिली. "तीस! बाबा, तीस मुलं!"

मी लगेच समीकरण लिहिलं: शंभरातले ऐंशी भाग गुणिले क्ष बरोबर चोवीस. तिने ते पाहिलं, मग गालिच्याकडे पाहिलं. "अय्या, म्हणजे क्ष म्हणजे हा अख्खा गालिचा!"

इतका आनंद मला पगारवाढीतसुद्धा झाला नव्हता. त्या आनंदात आम्ही गालिचा गुंडाळून ठेवला. चिकटपट्ट्या आतच राहिल्या.

बुधवारी अलायडा लवकर कामावर गेली. मी घरून काम करत होतो, लॅपटॉपवर साहेबांची मीटिंग चालू होती. हार्म आला. सहा फुटांच्या वर उंच आणि बोलण्यात अगदी कंजूष. त्याने दारातून डोकं आत घातलं.

"या पांढऱ्या पट्ट्या तुम्ही लावल्यात?"

"हो तर!" मी अभिमानाने म्हणालो.

"अंतर बरोबर आहे?"

"एक सेंटिमीटर इकडचा तिकडे नाही. दोनदा मोजलंय."

"मग याच्याप्रमाणेच करू?"

"बिनधास्त करा," मी म्हणालो. मग त्याला कॉफी आणि एक बिस्कीट दिलं, डबा बंद केला आणि साहेबांकडे वळलो.

साडेबाराला रेन्स्के स्केट्स घ्यायला घरी आली आणि तिची किंकाळी ऐकू आली. मी धावलो. वरच्या दहा पायऱ्यांवर दहा सुटे तुकडे बसले होते, कडा सुबक दुमडलेल्या. खालच्या तीन पायऱ्या उघड्या होत्या.

"नऊ रेघांचे दहा तुकडे झाले," हार्म म्हणाला. "पायऱ्या तेरा आहेत. म्हटलं, हल्ली लोकांना असंच आवडत असेल. विचारलं होतं मी."

मी उघड्या पायरीवर मटकन बसलो. "अलायडाला काय सांगू? निदान किती टक्के जिना झालाय ते तरी सांगायला हवं. क्ष मानू..."

हार्मने कानामागची पेन्सिल काढली आणि गालिच्याच्या वेष्टणावर लांब पट्टी काढली. "इकडे बघ, पोरी. वर पायऱ्या, खाली टक्के. तेराखाली शंभर. मग एका पायरीखाली किती?"

"साडेसातच्या थोडं वर... सात पूर्णांक सात!"

"आणि दहाखाली?"

"सत्त्याहत्तर! काका, मला कळलं! आता कुठलंही घाला!"

त्याने आणखी चार घातली. तिने चारही सोडवली आणि स्केट्स खांद्यावर टाकून पळाली. हार्मने उरलेली कॉफी संपवली.

संध्याकाळी अलायडा कोटासकट जिन्यापाशी उभी राहिली.

"सत्त्याहत्तर टक्के काम झालंय," मी म्हणालो.

"विबे," ती हळू आवाजात म्हणाली, "मी दोनदा पडले ती याच तीन पायऱ्यांवर."

मला खरंच फार वाईट वाटलं. तिने ओरडायला हवं होतं.

गुरुवारच्या चाचणीत रेन्स्केला नव्वद टक्के मिळाले. स्केटिंग वाचलं. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी पालकांना दहा मिनिटं भेटायला बोलावलं, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

"एकदम एवढी प्रगती!" रूर्ड मास्तर म्हणाले. "घरी कोण शिकवतं?"

मी विनयाने मान खाली घातली.

"रेन्स्के म्हणाली, हार्म नावाचे कोणी गृहस्थ आहेत. त्यांना एकदा वर्गावर बोलवावं म्हणतोय. नंबर मिळेल?"

अलायडाने नंबर दिला. मग मास्तर माझ्याकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "अवघडून जाऊ नका हं. पुष्कळ पालकांचं गणित कच्चं असतं. बुधवारी दुपारी जादा वर्गात एक जागा रिकामी आहे."

"लिहा याचं नाव," अलायडा म्हणाली.

आता बुधवारी दुपारी रेन्स्के बर्फावर असते आणि मी शाळेत, गुडघे हनुवटीला लावून छोट्या खुर्चीत. मास्तर म्हणतात, माझी प्रगती होतेय. किती टक्के, ते त्यांनी मलाच घरून काढून आणायला सांगितलंय. दोन आठवडे झाले, अजून काढतोय.