गजभियेकाकांचा पाऊस

दर रविवारी सकाळी आठ वाजता मी आमच्या गच्चीवर उभा राहून शेजारच्या गजभियेकाकांवर पाऊस पाडतो. पाईप आमचा, ताडपत्री त्यांची. त्यांच्या अंगणात दोन कडुनिंबांच्या मध्ये कापडी झुले शेजारी शेजारी टांगलेत, दोन्हींवर मिळून एक ताडपत्री. एकात काका इस्त्रीचा शर्ट घालून पडलेले असतात.

"काहून शिंपडून राहिला बे? पाऊस पाड न," ते ओरडतात. रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. मला लाज वाटते, पण मी धार मोठी करतो.

काका इथल्याच एका फॅक्टरीत तंबू शिवून रिटायर झाले. त्याच तोऱ्यात त्यांनी काकूंना जवळच भेडाघाटला सहलीला नेऊन झुल्यात झोपवलं. सर आली. ताडपत्रीने थेंब आत येऊ दिला नाही, पण पाणी झुल्याच्या दोरीवरून उतरलं आणि थेट काकूंच्या पाठीखाली साचलं. "तंबूवाल्याची बायको अन् भिजली," एवढं बोलून काकू ऑटोने घरी आल्या. पुढे मुलीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी म्हणून नागपूरला गेल्या. नात आता चालायला लागली आहे.

"पाणी दोरी धरून येते. त्याले मधातच अडवायचं," काका म्हणतात. त्यासाठी दोरीला पायजम्याची नाडी बांधून झाली, बुटाची लेस झाली. दहा मिनिटांत शर्ट ओला. मग दोन्ही झुल्यांत हात घालून ते जाहीर करत, "दोन्ही ओले. अन् तो झुला खाली आहे."

मी नाशिकचा, रेल्वेच्या नोकरीपायी इथे हिंदी मुलखात आलेला. इमानेइतबारे गच्चीवरून उतरून मी त्या दुसऱ्या झुल्याची गाठ वीतभर वर सरकवत असे. काका बघत राहत. उन्हाळा संपेपर्यंत झुला माझ्या छातीशी आला. काकूंना चढायला शिडी लागली असती.

गेल्या रविवारी काकांनी दोरीला काकूंच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. पाणी चिंधीवरून टपटप जमिनीवर पडलं. दोन्ही झुले कोरडे.

"जमलं की काका."

"जमलं. पण तो झुला खाली आहे."

मी गाठीला हात घातला.

"अजून वर काहून नेऊन राहिला? खाली म्हणजे रिकामा बे. इतकी हिंदी नाही समजत तुले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकूंना कळवलंत?"

"सांगतलं फोनवर. म्हणे, पोरगी आता कुठं चालून राहिली, धावू द्या." ते चिंधी पिळत राहिले. "मले वाटे, सुकं झालं का येईल."

मी गाठ सोडली, झुला बसण्याइतका खाली घेतला, चपला काढल्या आणि त्यात बसलो.

"मंग पाऊस कोण पाडते?" काकांनी विचारलं.

"आज उघडीप," मी म्हणालो.