डावीकडचं घर

"माणूस पारखावा तर मीच!" असं मालकीणबाई छाती ठोकून सांगत. त्यांचा धंदा घरसामान हलवण्याचा. आधीचा मुकादम गिऱ्हाइकांच्या कपाटांतल्या गोष्टी गावभर सांगत फिरे. तेव्हापासून बाईंनी नेमणुकीला एकच परीक्षा ठेवली: उमेदवाराला तासभर खुर्चीवर बसवायचं, बोलला, की गेला! नवा मुकादम या परीक्षेत पहिला आला. त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. जुनी नोकरी का सुटली, हे बाईंनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. हमालांनी त्याचं नाव ठेवलं मौनीबुवा.

पहिल्याच कामाच्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकाचा फोन!

"बाई, माणसं कधी येणार? सकाळपासून गाद्या गुंडाळून बसलोय!"

पण 'सामान भरलं, ट्रक निघाला' हा मौनीबुवाचा निरोप येऊन अर्धा तास झाला होता!

त्या धावतपळत तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. चिठ्ठीत त्यांनीच लिहिलं होतं, 'डावीकडचं घर'. जिन्याने चढलं तर डावीकडे गिऱ्हाईक. पण लिफ्ट जिन्याच्या समोरून उघडत होती; लिफ्टने आलं तर डावीकडे शेजारी! आणि शेजाऱ्यांचं घर पुसलेल्या पाटीसारखं कोरं! मधोमध खुर्चीत आजोबा पेपर वाचत होते.

"आजोबा, तुम्ही अडवलं नाहीत?"

"मला वाटलं, सुनेने ठरवलं असेल. या घरात मला कोण विचारतं? खुर्ची तेवढी मागून घेतली."

बाईंनी वकील जाऊबाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"अगं, चूक त्याची आहे!"

"ट्रक तुझा, चिठ्ठी तुझी, माणूस तुझा. कामावर असताना त्याने केलं, म्हणजे तू केलंस! कोर्टात पहिला प्रश्न येईल, नेमताना काय तपासलंस?"

"बोलतो का, ते."

पलीकडे जाऊबाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"त्यांची सून कामावरून यायच्या आत सगळं जागेवर लाव. काही हरवलं, तर धंदा गुंडाळ!"

ट्रक परत आला. दोन तासांत घर पूर्ववत! एका कपाचा कानही तुटला नव्हता. बाईंनी सुटकेचा श्वास घेतला, तोच आजोबा म्हणाले, "मनी कुठे दिसत नाही?"

"कोण मनी?"

"सुनेचं मांजर. माझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त."

त्याच क्षणी लिफ्ट उघडली आणि सून बाहेर आली. तिच्या मागोमाग मौनीबुवा, हातात शेवटचं खोकं. खोक्याला हवेसाठी ओळीने बारा भोकं, आणि वर सुवाच्य अक्षरात: 'मांजर. जिवंत. ही बाजू वर.'

"माझं मांजर खोक्यात कुणी भरलं?" सून किंचाळली.

बाई पुन्हा जाऊबाईंना फोन लावून पुटपुटल्या, "सुनेचं मांजरही खोक्यात भरलं होतं गं. खोक्यावर तसं लिहिलंय."

"कुणी?"

"मौनीबुवाने."

"मांजर मोकळं फिरत होतं, म्हणजे हे घर हलायच्या तयारीत नाही हे त्याला कळत होतं?" जाऊबाई ओरडल्या. "अगं, मग त्याला तोंड उघडू देऊ नकोस!"

नेमका तेव्हाच मौनीबुवाने घसा खाकरला.